३५५, १०, २… आणि २७,७७१

आधी आकडे पाहू. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ५ नोव्हेंबर १९७४ रोजी सिनेटच्या एका जागेसाठी मतदान झाले. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन पक्षाचे लुईस वायमन ३५५ मतांनी जिंकले. फेरमोजणीत डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन डर्किन १० मतांनी जिंकले. त्या फेरमोजणीवर हरकत घेतली गेली, वादग्रस्त मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या, आणि या वेळी वायमन २ मतांनी जिंकले. मग प्रकरण थेट वॉशिंग्टनला, सिनेटपुढे गेले. तिथे सात महिने खल झाला, पण निकाल काही लागला नाही. शेवटी ती जागा रिकामी ठरवून १६ सप्टेंबर १९७५ रोजी पुन्हा मतदान घेतले गेले. त्यात डर्किन २७,७७१ मतांनी निवडून आले.

पहिले तीनही निकाल एकाच मतदानाचे होते. मतदार तेच आणि कागदही तेच. मधल्या काळात एकही नवे मत पडले नव्हते. तरीही विजेता दोनदा बदलला. अमेरिकी सिनेटच्या इतिहासातली ही सर्वांत कमी फरकाची निवडणूक, म्हणून तिचा उल्लेख अनेकदा होतो. पण त्या उल्लेखांत ‘एका मताची किंमत’ एवढेच सांगून विषय आटोपला जातो. मला या आकड्यांत त्याहून मोठी गोष्ट दिसते. मतमोजणीने काय कळू शकते आणि काय कळूच शकत नाही, याचा इतका स्वच्छ नमुना निवडणुकांच्या इतिहासात फार क्वचित सापडतो.

छोटे राज्य, मोठी जागा

न्यू हॅम्पशायर हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले चिमुकले राज्य. १९७०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या होती ७,३७,६८१. पण सिनेटमध्ये लोकसंख्येचा हिशेब चालत नाही. कॅलिफोर्नियाला दोन सिनेटर, तसे न्यू हॅम्पशायरलाही दोनच. मुदत सहा वर्षांची. १९१३च्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून सिनेटर थेट लोकांच्या मतांनी निवडले जातात. त्याआधी ते राज्यांची विधिमंडळे निवडत असत. म्हणजे एका लहान राज्यातली एक जागाही साऱ्या देशाच्या कायद्यांवर सहा वर्षे परिणाम करणारी असते.

ही जागा नॉरिस कॉटन यांची होती. दोन दशके सिनेटर राहिलेल्या या रिपब्लिकन नेत्याने निवृत्त व्हायचे ठरवले. एरवी तिथे रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार सहज निवडून यावा अशी परिस्थिती. वायमन तर राज्याचे माजी ॲटर्नी जनरल, काँग्रेसचे अनुभवी सदस्य, घराघरांत ठाऊक असलेले नाव. डर्किन वयाने एकोणीस वर्षांनी लहान. राज्याचे विमा आयुक्त म्हणून त्यांनी काम केले होते, पण निवडणुकीच्या राजकारणात तसे नवखेच. मात्र साल १९७४ होते. वॉटरगेट प्रकरणात रिचर्ड निक्सन यांनी ९ ऑगस्टला राजीनामा दिला होता आणि महिनाभरातच, ८ सप्टेंबरला, नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी देऊन टाकली होती. देशभर रिपब्लिकन उमेदवारांना त्याचा फटका बसत होता. न्यू हॅम्पशायरमध्ये तो फटका नेमका एवढाच बसला की दोन्ही पारडी सारखी झाली.

राज्यात तेरा शहरे आणि दोनशे एकवीस गावे. मतदान आणि मोजणी ही त्या-त्या गावाची जबाबदारी. बहुतेक ठिकाणी कागदी मतपत्रिका, हाताने मोजणी, आणि मोजणारे गावातलेच लोक. दिवसभराच्या मतदानानंतर रात्री टेबलाभोवती बसून ते गठ्ठे लावायचे, बेरजा करायचे आणि आकडा राजधानी कॉन्कॉर्डला कळवायचे. ही पद्धत मला मनापासून आवडते. शेजाऱ्याचे मत शेजाऱ्याने मोजावे, यात लोकशाहीवरचा विश्वास आहे. पण तिची अचूकता किती, हा वेगळा प्रश्न आहे. तो एरवी कुणाला विचारावा लागत नाही, कारण निकालातला फरक बहुधा पुरेसा मोठा असतो.

फरक २ चा, हेलकावा ३६५ चा

राज्याच्या पातळीवरचा शेवटचा आकडा असा होता: वायमन १,१०,९२६, डर्किन १,१०,९२४. अमेरिकन पार्टीचे कार्मेन किमेंटो यांना दीड हजाराहून अधिक मते होती. म्हणजे तिसऱ्या उमेदवाराची मते पहिल्या दोघांतल्या फरकाच्या सातशेपट तरी होती.

पहिल्या दोघांची बेरीज २,२१,८५०. त्यात २ मतांचा फरक म्हणजे ०.०००९ टक्के. टक्केवारीच्या भाषेत हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही, म्हणून उलट बाजूने पाहू. पहिल्या मोजणीपासून फेरमोजणीपर्यंत निकाल ‘वायमन ३५५ ने पुढे’ इथून ‘डर्किन १० ने पुढे’ इथवर सरकला. एकूण हेलकावा ३६५ मतांचा. दर हजार मतांमागे १.६५. गावे-शहरे मिळून २३४. म्हणजे एका गावामागे सरासरी दीड मत. एखाद्या गावात एक गठ्ठा मोजताना दोन कागद चिकटले, दुसऱ्या गावात एक मतपत्रिका बाद धरली गेली ती खरे तर वैध होती, तिसऱ्या गावात बेरजेत हातचा राहिला. एवढे पुरेसे आहे. यात कुणाच्या लबाडीची गरजच नाही. प्रामाणिक माणसांनी मध्यरात्री केलेल्या कामात हजारी दीड चूक ही कौतुक करावे इतकी कमी आहे.

आणि हा फक्त निव्वळ हेलकावा आहे. एका गावात वायमन यांची पाच मते चुकून कमी धरली आणि दुसऱ्या गावात डर्किन यांची पाच कमी धरली, तर या दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरजेत दिसतच नाहीत. प्रत्यक्ष चुका बेरजेत दिसतात त्यापेक्षा अधिक असणार, हे उघड आहे.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. पद्धतीतला हेलकावा ३६५, आणि तिच्या आधारे जाहीर होणारा फरक १० किंवा २. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोन्याची अंगठी तोलावी, तसे हे झाले. काटा खोटा नसतो, ओंडक्यांसाठी तो चोख असतो. अंगठीचे वजन सांगणे हे त्याचे कामच नव्हे. पुन्हा पुन्हा तोलल्याने प्रत्येक वेळी वेगळा आकडा येईल. शेवटचा आकडा तो खरा, असे मानायला काही आधार नाही. तो केवळ शेवटचा असतो.

तुलनेसाठी जवळच्या काळातले एक उदाहरण घेऊ. २००८ मध्ये मिनेसोटा राज्यात सिनेटच्या जागेसाठी रिपब्लिकन नॉर्म कोलमन आणि डेमोक्रॅट अल फ्रँकन यांच्यात अशीच लढत झाली. अधिकृत मोजणीत कोलमन २१५ मतांनी पुढे होते. आधी मोजलेली मते हाताने पुन्हा मोजली, तेव्हा फ्रँकन ४९ ने पुढे गेले. हेलकावा २६४ चा; पण दोघांची मिळून मते होती २४ लाखांहून अधिक. दर दहा हजारांमागे जेमतेम एक. न्यू हॅम्पशायरमध्ये हेच प्रमाण दहा हजारांमागे साडेसोळा होते, म्हणजे पंधरापट. मिनेसोटाच्या मतपत्रिकेवर मतदार लंबगोल काळा करतो आणि यंत्र तो वाचते. १९७४ची फुली माणसाला वाचावी लागत होती. चौतीस वर्षांत काटा पंधरापट बारीक झाला. तरीही मिनेसोटाचा अंतिम फरक पुढे टपाली मतांवरच ठरला: चुकीने बाद केलेल्या ९३३ मतपत्रिका उघडल्यावर फ्रँकन यांची आघाडी २२५ झाली, न्यायालयाने आणखी काही उघडल्यावर ३१२. यंत्र कितीही चांगले असले, तरी कोणता कागद मोजायचा आणि कोणता नाही, हे ठरवणे माणसाकडेच राहते.

एक फुली आणि गाळलेले एक नाव

न्यू हॅम्पशायरचा खरा वाद बेरजांचा नव्हताच. बेरीज दहा वेळा केली तर ती केव्हातरी जुळते. वाद होता मतपत्रिका वाचायची कशी याचा.

त्या वेळच्या मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाचा एक उभा रकाना असे. रकान्याच्या माथ्यावर एक वर्तुळ. त्या वर्तुळात फुली मारली की त्या पक्षाच्या गव्हर्नरपासून खालच्या सगळ्या उमेदवारांना एकदमच मत गेले. ज्याला निवडून-निवडून मते द्यायची असतील, त्याने वर्तुळ सोडून एकेका नावापुढच्या चौकोनात फुली मारायची. इथवर काही गुंता नाही.

पण काही मतदारांनी दोन्ही केले. वर्तुळात फुली मारली, आणि मग खाली एकेक नावापुढेही फुल्या मारल्या. फक्त सिनेटच्या उमेदवाराचे नाव तेवढे सोडून. आता हे मत कुणाचे?

एक वाचन असे: वर्तुळातली फुली म्हणजे सगळ्यांना मत, खालच्या फुल्या केवळ दुजोरा देणाऱ्या, एखादे नाव राहून गेले असेल. तेव्हा मत त्या पक्षाच्या सिनेट उमेदवाराला मिळाले. दुसरे वाचन असे: ज्याने एवढी तसदी घेऊन एकेका नावापुढे खूण केली, त्याने नेमके एकच नाव गाळले, ते उगीच नव्हे, त्याला तो उमेदवार नको होता. तेव्हा सिनेटसाठी हे मत कोरेच धरायचे. दोन्ही वाचने समंजस आहेत. दोन्हींच्या मागे मतदाराच्या हेतूचा आदर आहे. आणि मतदार तर पडद्याआड फुली मारून घरी गेलेला. मतदान गुप्त असल्यामुळे त्याला शोधून विचारायची सोय नाही.

मला वाटते, या साऱ्या प्रकरणाचे मूळ या एका कागदात आहे. इथे ‘सत्य’ कुठेतरी दडले आहे आणि नीट शोधले तर सापडेल, अशी परिस्थितीच नाही. नियम आधी ठरवावा लागतो, मगच मत मोजता येते. आणि निकाल डोळ्यांसमोर असताना नियम ठरवायला बसले, की प्रत्येक नियमापुढे एकेका उमेदवाराचे नाव आपोआप लिहिले जाते. हा नियम धरला तर वायमन, तो धरला तर डर्किन. अशा वेळी निःपक्षपाती माणसाचा निर्णयही पक्षपातीच दिसतो.

अशा शंकास्पद मतपत्रिका पुढे वॉशिंग्टनला नेण्यात आल्या, त्यांची संख्या होती ३,५००. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. या ३,५०० मतपत्रिका खरोखरच निम्म्यानिम्म्या शंकेच्या आहेत आणि प्रत्येकीचा निकाल नाणेफेकीने लावला, असे धरा. संख्याशास्त्राचा साधा नियम सांगतो की, अशा वेळी दोघांतला फरक एकूण संख्येच्या वर्गमुळाच्या आसपास हेलकावे खातो. ३,५०० चे वर्गमूळ ५९. म्हणजे साधारण तीनपैकी दोन वेळा फरक ५९ च्या आत राहील आणि एकदा त्याच्याही पलीकडे जाईल. त्यासमोर २ मतांची आघाडी कितीशी टिकणार? अर्थात सगळ्या ३,५०० मतपत्रिका इतक्या शंकास्पद नव्हत्या. छाननीनंतर बहुतेकींचा निकाल लागला आणि अगदी हट्टाच्या म्हणाव्यात अशा २७ उरल्या. पण २७ चे वर्गमूळही पाचाच्या वर आहे. म्हणजे त्या शेवटच्या मूठभर कागदांतला निव्वळ योगायोगसुद्धा वायमन यांच्या आघाडीच्या अडीचपट मोठा होता.

प्रमाणपत्र दोघांना

राज्याचे गव्हर्नर मेल्ड्रिम थॉमसन हे कट्टर रिपब्लिकन. तरीही फेरमोजणीत डर्किन १० मतांनी पुढे निघाल्यावर निवडून आल्याचे तात्पुरते प्रमाणपत्र त्यांनी डर्किन यांनाच दिले. वायमन यांनी राज्याच्या मतपत्रिका आयोगाकडे दाद मागितली. आयोगाने वादग्रस्त मतपत्रिका तपासल्या आणि नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, वायमन यांना २ मतांनी विजयी ठरवले. गव्हर्नरांनी पहिले प्रमाणपत्र रद्द करून नवे वायमन यांना दिले.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. सिनेटमध्ये तेव्हा ज्येष्ठता कारकीर्द सुरू झाल्याच्या तारखेवर ठरत असे आणि समित्यांवरच्या जागा ज्येष्ठतेवर. नव्या सदस्याला इतरांपेक्षा दोन-चार दिवस आधी पद हाती घेता यावे म्हणून निवृत्त होणारा सिनेटर आधीच राजीनामा देत असे. कॉटन यांनी ३१ डिसेंबर १९७४ रोजी तसाच राजीनामा दिला आणि उरलेल्या मुदतीसाठी वायमन यांची नेमणूक झाली. ती मुदत ३ जानेवारी १९७५ ला संपली. वायमन यांची सिनेटमधली कारकीर्द एवढीच, तीन दिवसांची.

निवाडा करणार कोण?

आपल्याकडे लोकसभेच्या निकालावर आक्षेप असेल तर उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते; लोकसभेचा त्याच्याशी संबंध नसतो. अमेरिकेची घटना वेगळे सांगते. तिच्या पहिल्या कलमाच्या पाचव्या परिच्छेदानुसार प्रत्येक सभागृह आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा आणि पात्रतेचा निवाडा स्वतःच करते. अठराव्या शतकात केलेली ती तरतूद. डर्किन यांनी तिचाच आधार घेतला आणि सिनेटकडे अर्ज केला.

सिनेटमध्ये तेव्हा डेमोक्रॅटिक सदस्य होते ६०. म्हणजे न्यायनिवाडा करणाऱ्यांतले बहुसंख्य लोक एका पक्षकाराचे पक्षबंधू. जानेवारीत प्रकरण सभागृहापुढे आले, तेव्हा वायमन आणि डर्किन या दोघांना सभागृहाच्या मागच्या बाजूला वेगवेगळ्या टेबलांशी बसवण्यात आले होते. एका जागेचे दोन दावेदार, आणि बाकीचे सदस्य त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर बोलत आहेत.

छाननी नियम समितीकडे गेली. समितीत पाच डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन. पण अलाबामाचे डेमोक्रॅटिक सदस्य जेम्स ॲलन यांनी महत्त्वाच्या प्रश्नांवर रिपब्लिकनांबरोबर मत दिले, आणि पाच-तीनचे चार-चार झाले. बरोबरीत सुटलेला प्रश्न समितीत सुटत नाही. शेवटी समितीने ३५ मुद्दे, त्यात त्या २७ मतपत्रिका, पूर्ण सभागृहाकडे सोपवले.

समितीचे अध्यक्ष होते नेवाडाचे हॉवर्ड कॅनन. हे नाव आकड्यांत रस असलेल्याने विसरू नये. १९६४ मध्ये कॅनन स्वतः फेरमोजणीनंतर ६७,३३६ विरुद्ध ६७,२८८ अशा, म्हणजे ४८ मतांच्या फरकाने सिनेटवर निवडून आले होते. त्यांच्याकडून हरलेले पॉल लॅक्साल्ट १९७४ मध्ये नेवाडाच्या दुसऱ्या जागेवरून सहाशेच्या आसपास मतांच्या फरकाने निवडून आले आणि आता त्याच सभागृहात बसले होते. त्याच नोव्हेंबरात नॉर्थ डकोटाचे मिल्टन यंग दोनशेहून कमी मतांनी निवडून आले होते. काठावरून तरून जाणे म्हणजे काय, हे स्वतः अनुभवलेली माणसे त्या सभागृहात होती. तरीही मतविभागणी झाली ती बहुतांशी पक्षाच्या रेषेवर.

जूनमध्ये सभागृहाने चर्चा सुरू केली आणि सहा आठवडे ती चालली. ३५ मुद्द्यांपैकी निकाली निघाला एक. रिपब्लिकन सदस्यांनी भाषणे लांबवून मतदान रोखून धरले. चर्चा बंद करण्यासाठी लागणाऱ्या मतांचा नियम त्याच वर्षी मार्चमध्ये बदलून ६० वर आणला होता; त्याआधी हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश लागत. डेमोक्रॅट ६०, हवी होती तीही ६०. कागदावर हिशेब बरोबर जुळत होता. पण ॲलन यांच्यासारखे दक्षिणेकडचे सदस्य सोबत आले नाहीत. चर्चा बंद करण्याचा प्रयत्न सहा वेळा झाला, सहाही वेळा फसला.

या सगळ्या काळात न्यू हॅम्पशायरला एकच सिनेटर होता, डेमोक्रॅटिक पक्षाचे थॉमस मॅकिंटायर. ३ जानेवारी ते ८ ऑगस्ट म्हणजे २१७ दिवस दुसरी खुर्ची रिकामी राहिली. सव्वादोन लाख लोकांनी मत दिले आणि त्याबदल्यात त्यांना सात महिने अर्धेच प्रतिनिधित्व मिळाले, ही गोष्ट मला २ मतांच्या फरकापेक्षा कितीतरी गंभीर वाटते. फरक हा योगायोग होता. रिकामी खुर्ची हा निर्णय होता. तो रोज नव्याने घेतला जात होता.

पुन्हा विचारल्यावर

जुलैच्या अखेरीस डर्किन यांनी नव्या निवडणुकीला संमती दिली. सिनेटने लगेच जागा रिकामी असल्याचे जाहीर केले. ८ ऑगस्टपासून, निवडणूक होईपर्यंतच्या काळापुरती, नेमणूक पुन्हा कॉटन यांचीच झाली. उमेदवार तेच तिघे. पाच आठवड्यांचा प्रचार. रिपब्लिकन पक्षाने जोर लावला. अध्यक्ष फोर्ड स्वतः ११ सप्टेंबरला राज्यात येऊन वायमन यांच्यासाठी दिवसभर गावोगाव फिरले.

मतदान झाले १६ सप्टेंबरला. डर्किन १,४०,७७८, वायमन १,१३,००७, किमेंटो ८,७८७.

इथे थोडे थांबून आकडे सोलून पाहण्यासारखे आहेत. नोव्हेंबर १९७४ मध्ये मतपत्रिकेवर गव्हर्नर होते, काँग्रेस होती, राज्याचे विधिमंडळ होते. सप्टेंबर १९७५ मध्ये एकच जागा. एरवी अशा एकट्यादुकट्या निवडणुकीला लोक कमी येतात. इथे आधीच्या सुमारे २ लाख २३ हजारांवरून मतदान २ लाख ६२ हजारांवर गेले. जवळपास ३९ हजारांची, सतरा-अठरा टक्क्यांची वाढ. ‘एका मताने काय होते’ या प्रश्नाचे उत्तर दहा महिने रोज वर्तमानपत्रांत वाचलेले हे मतदार होते.

वाढलेली मते गेली कुठे? वायमन यांची मते वाढली २,०८१ ने. डर्किन यांची वाढली २९,८५४ ने. म्हणजे एकूण वाढीतला तीन-चतुर्थांश वाटा एकट्या डर्किन यांच्या खात्यावर जमा झाला. यातले किती जण नव्याने आले आणि किती जणांनी बाजू बदलली, हे बेरजांवरून नक्की सांगता येत नाही. पण एक गोष्ट नक्की. वायमन यांची मते घटली नाहीत. त्यांचा पाठिंबा जवळपास जागच्या जागी राहिला आणि त्यांच्याभोवतीचे मतदान मोठे झाले. ४९.७ टक्क्यांवरून ते ४३ वर आले, ते एकही मत निव्वळ न गमावता.

टक्केवारीने पाहणाऱ्याला वायमन यांची घसरण दिसेल. मतांच्या संख्येने पाहणाऱ्याला डर्किन यांची चढण दिसेल. दुसरे वाचन मला अधिक बरोबर वाटते. डर्किन यांच्या बाजूचे जे लोक नोव्हेंबरात घरी बसले होते, ते सप्टेंबरात बाहेर पडले, असा अंदाज आकडे सुचवतात. १० मतांनी मिळालेली जागा हातून गेल्याची सल डेमोक्रॅटिक कार्यकर्त्यांत असावी आणि त्यांनी ती दारोदार नेली असावी.

मग १९७४ मध्ये खरे कोण जिंकले होते? २७,७७१ हा आकडा त्याचे उत्तर देत नाही, जरी तो तसा वापरला गेला. नोव्हेंबरातल्या मतदाराला वॉटरगेट आणि निक्सनची माफी ताजी होती. सप्टेंबरातल्या मतदाराने त्यानंतर दहा महिने सिनेटचा घोळ पाहिला होता. प्रश्न वेगळा होता, म्हणून उत्तरही वेगळे आले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुणालाही ठाऊक नाही, आणि ते ३,५०० कागद आज समोर ठेवले तरी कळणार नाही. पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे आले की ते कोणत्याही काट्यावर तोलले असते, अगदी हजारी दीड चूक करणाऱ्या गावकऱ्यांच्या हातूनही, तरी बदलले नसते. २७,७७१ हा फरक पहिल्या फेरमोजणीतल्या हेलकाव्याच्या ७६ पट आहे.

नवी निवडणूक घ्यावी, ही मागणी तशी नवी नव्हती. वायमन आणि त्यांचा पक्ष सुरुवातीपासून तेच म्हणत होते. डर्किन आणि डेमोक्रॅटिक बहुमत ते टाळत होते. आपल्या हातात बहुमत असताना मतदारांकडे परत कशाला जायचे, हा त्यांचा हिशेब. आकड्यांनी तो साफ चुकीचा ठरवला. ज्यांनी मतदारांना पुन्हा विचारायला नकार दिला, त्यांनाच मतदारांनी दहा टक्क्यांहून अधिक फरकाने निवडले. आणि ज्यांनी मागणी लावून धरली, त्यांची जागा गेली. जानेवारीत हाच निर्णय झाला असता तर निकाल कोणाच्या बाजूने लागला असता, कोण जाणे. पण न्यू हॅम्पशायरच्या लोकांना आपला दुसरा सिनेटर उन्हाळ्याआधी मिळाला असता. प्रत्यक्षात डर्किन यांनी शपथ घेतली १८ सप्टेंबर १९७५ रोजी. पहिल्या मतदानानंतर ३१७ दिवसांनी.